कॉर्नेलिया सोराबजी : पदवीपासून सनदेपर्यंत



आपल्या क्युपर्टिनो, सनीवेल, सॅन होजे परिसरात इंजिनिअर किती आहेत हे काही सांगायला नको. पण गणपतीच्या किंवा संक्रांतीच्या कार्यक्रमात जरा चौकशी केली तर पुण्याच्या आय.एल.एस. मधून किंवा मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजमधून एलएल.बी. झालेली मंडळीही भेटतात. त्यात बायका जास्त. लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे येणं झालं आणि पदवी फाइलमध्ये राहिली. इंजिनिअरला इथे येऊन पुन्हा शिकावं लागत नाही. डॉक्टरला परीक्षा द्याव्या लागतात, पण माणसाचं शरीर पुण्यात आणि पालो आल्टोत सारखंच असतं. वकिलाची गोष्ट वेगळी. हद्द ओलांडली की कायदा बदलतो, कोर्ट बदलतं आणि सनद देणारे हातही बदलतात.

हा प्रश्न आजचा नाही. आपल्याच नाशिकला जन्मलेल्या, बेळगाव-पुण्यात वाढलेल्या एका बाईने तो सव्वाशे वर्षांपूर्वी अंगावर घेतला. तिने तीन ठिकाणी कायद्याच्या परीक्षा दिल्या आणि सनदेसाठी जवळजवळ तीस वर्षं वाट पाहिली. तिचं नाव कॉर्नेलिया सोराबजी. गुगलने १५ नोव्हेंबर २०१७ ला तिच्या वाढदिवशी तिचं चित्र लावलं होतं, ते आपल्यापैकी काहींना आठवत असेल. त्या चित्रापलीकडची तिची कहाणी सांगण्याचा हा प्रयत्न.

बालपण आणि डेक्कन कॉलेज

कॉर्नेलियाचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे मूळचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यापायी घरच्यांचा व समाजाचा मोठा रोष ओढवून घेतला. आई फ्रान्सिना हिला एका इंग्रज दांपत्याने लहानपणी दत्तक घेतलं होतं. या आईनेच पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल सुरू केलं. त्या शाळेत हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशी सगळ्या घरांतली मुलं एकत्र बसत. घरात मुली बऱ्याच, आणि प्रत्येकीने शिकून काहीतरी करायचं हे जणू ठरलेलंच. एक बहीण सुसी हिने पुण्यात सेंट हेलेना शाळा उभी केली, दुसरी अ‍ॅलिस डॉक्टर झाली. कायदा निवडला तो कॉर्नेलियाने.

असं म्हणतात की आईकडे अडचणी घेऊन येणाऱ्या बायकांमुळे तिच्या मनात हा विचार आला. नवरा वारल्यावर ज्यांची इस्टेट कारभाऱ्याने किंवा दिराने गिळली, अशा विधवा येत. त्यांना वकील हवा असे, पण परपुरुषासमोर येण्याची मुभा नसे. बाईची वकील बाईच हवी, हे मुलीने त्या वयातच हेरलं.

डेक्कन कॉलेजात ती एकटी मुलगी. काही मुलं ती येताना दिसली की वर्गाचं दार लावून घेत. तरीही १८८८ साली ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर ठरली. तिच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला विलायतेला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. ती तिला मिळाली नाही, कारण शिष्यवृत्ती मुलीसाठी नाही असं सांगण्यात आलं. इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत हा प्रश्न गेला, पण उत्तर बदललं नाही.

मग तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवायला घेतलं. वय बावीसच्या आसपास आणि समोर सगळे पुरुष विद्यार्थी. तिकडे इंग्लंडमध्ये लेडी हॉबहाऊस आणि इतर काही मंडळींनी तिच्यासाठी वर्गणी काढली. वर्गणी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली. परक्या देशात शिकायला जाताना पैशाची जुळवाजुळव कशी करावी लागते हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

ऑक्सफर्ड, पण अर्धंच

सॉमरव्हिलमध्ये तिने आधी इंग्रजी साहित्य घ्यावं असं ठरलं होतं, पण तिचा ओढा कायद्याकडेच होता. बॅलियलचे प्रमुख बेंजामिन जाउएट यांनी तिला मनापासून मदत केली. ऑल सोल्स कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात तोवर कुणा बाईला वाचायला परवानगी नव्हती, ती तिला मिळाली. १८९२ मध्ये ती बी.सी.एल. या ऑक्सफर्डच्या वरच्या पातळीच्या कायद्याच्या परीक्षेला बसली. तिला पुरुषांबरोबर परीक्षेला बसू देण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. वर्ग तिसरा मिळाला, पण ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा देणारी ती पहिली स्त्री होती.

गंमत अशी की परीक्षा पास झाली तरी पदवी मिळाली नाही. ऑक्सफर्ड त्या काळी बायकांना पदवीच देत नसे. तो नियम १९२० मध्ये बदलला आणि कॉर्नेलियाच्या हाती पदवी पडली १९२२ साली, म्हणजे परीक्षेनंतर तीस वर्षांनी. बॅरिस्टर होण्याचा तर प्रश्नच नव्हता. लंडनच्या चारही इन्सची दारं बायकांना बंद होती. तिने लिंकन्स इनजवळच्या एका सॉलिसिटर कंपनीत काही काळ काम शिकून घेतलं आणि हिंदुस्थानात परत आली.

इथे थोडं थांबून आजूबाजूला पाहू. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतल्या. रखमाबाई १८८९ मध्येच, म्हणजे कॉर्नेलिया गेली त्याच वर्षी, डॉक्टर व्हायला लंडनला गेल्या. बाईला बाई डॉक्टर हवी हे तेव्हाच्या समाजाने आणि सरकारनेही मान्य केलं होतं, त्यासाठी फंड उभे राहत होते. बाईला बाई वकील हवी हे मान्य व्हायला मात्र आणखी एक पिढी जावी लागली. आजार घरातला असतो, पण वकिली म्हणजे चव्हाट्यावर उभं राहून पुरुषांशी वाद घालणं. खरी अडचण तिथे होती.

परीक्षा पास, सनद नाही

त्या काळची आपल्याकडची वकिलीची व्यवस्था आज वाचताना डोकं चक्रावतं. सबंध देशाची एक सनद असा प्रकार नव्हता. प्रत्येक हायकोर्टाचं आपलं रजिस्टर. विलायतेहून आलेले बॅरिस्टर वेगळे, इथल्या विद्यापीठाची पदवी घेतलेले वकील वेगळे, सॉलिसिटर वेगळे, जिल्हा कोर्टात काम चालवणारे प्लीडर वेगळे आणि त्याखाली मुखत्यार. कलकत्त्यासारख्या ठिकाणी हायकोर्टाच्या काही कामांत तर फक्त बॅरिस्टरलाच उभं राहता येई. त्यात संस्थानांची कोर्टं निराळीच. एका हद्दीतला कागद दुसऱ्या हद्दीत चालेल याची खात्री नसे. कॅलिफोर्नियाची परीक्षा देऊन न्यूयॉर्कला गेलेल्या वकिलाला हे ओळखीचं वाटेल.

कॉर्नेलियाबाईंनी सुरुवात केली ती संस्थानांतून. काठियावाड आणि इंदूरकडच्या एजन्सी कोर्टांत त्यांना पडदानशीन बायकांच्या वतीने अर्ज दाखल करण्याची खास परवानगी मिळाली. पण अर्ज लिहिणं वेगळं आणि उभं राहून बाजू मांडणं वेगळं. त्या काळातला एक किस्सा त्यांनी स्वतःच आठवणींत सांगितला आहे. एका हत्तीला दिलेल्या आमराईचं उत्पन्न त्याला मिळेना, म्हणून हत्तीच्या बाजूने त्या उभ्या राहिल्या. न्यायनिवाडा करणारे राजेसाहेब झोपाळ्यावर बसलेले. त्यांच्या कुत्र्याला बाई आवडल्या म्हणून निकाल बाईंच्या बाजूने! इतकं शिकून आलेल्या बाईंना हा विजय गोड लागला असेल की कडू, कोण जाणे.

खरी कामगिरी १८९६ मध्ये पुण्यात झाली. खुनाचा आरोप असलेल्या एका माणसाचा बचाव करायला त्या कोर्टात उभ्या राहिल्या. सनद नसताना हे कसं जमलं? फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात एक फट होती. कोर्टाने परवानगी दिली तर आरोपीच्या वतीने वकिलाखेरीज दुसरी कोणीही व्यक्ती बोलू शकत होती. बाईंनी नेमकं त्या शब्दावर बोट ठेवलं. आरोपी सुटला. ब्रिटिश कोर्टात बाजू मांडणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली ती आपल्या पुण्यातून.

पण प्रत्येक खटल्यात न्यायाधीशाच्या मर्जीवर किती दिवस जगणार? ऑक्सफर्डची परीक्षा इथे पुरेशी धरत नाहीत, ठीक आहे, इथली देऊ, असं म्हणून त्या मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. १८९७ मध्ये पास झाल्या. तरी मुंबईत दार उघडलं नाही. मग अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली, ती १८९९ मध्ये पास झाल्या. तिथेही न्यायमूर्तींनी रजिस्टरमध्ये नाव घालायला नकार दिला. त्यांचा धाकटा भाऊ बॅरिस्टर होऊन अलाहाबादलाच वकिली करत होता. एकाच घरात दोन कायदेपंडित, आणि झगा घालून कोर्टात जायचा तो भाऊ.

गुणवत्ता नाही असं त्यांना कोणीच सांगितलं नाही. परीक्षेला बसू नका असंही सांगितलं नाही. परीक्षा घेतली, पास केलं आणि मग नियम दाखवला. तीन परीक्षा तीन ठिकाणी पास होऊन हातात काय, तर शून्य. अशा वेळी माणूस एकतर खचतो किंवा वेगळी वाट काढतो.

पडद्यामागचं काम

कॉर्नेलियाबाईंनी वाट काढली. १९०२ पासून त्यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसकडे अर्ज-विनंत्या सुरू केल्या. मागणी साधी होती. जमीनदार वारला आणि मागे विधवा किंवा अज्ञान मूल राहिलं की इस्टेटीचा कारभार कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे जाई. त्या विधवा पडद्यात. त्यांच्याशी बोलायला सरकारी पुरुष अधिकारी जाऊ शकत नसे, आणि मधल्या कारभाऱ्याने आणलेल्या कागदावर त्या अंगठा उठवत. कागदावर काय लिहिलंय हे त्यांना सांगणारं कोणी नसे. तिथे सरकारने एक बाई कायदेतज्ज्ञ नेमावी.

१९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सने त्यांची नेमणूक केली. पुढे बंगालबरोबर बिहार, ओरिसा आणि आसामचंही काम त्यांच्याकडे आलं. सुमारे वीस वर्षं त्या आगगाडी, होडी, पालखी, मिळेल त्या वाहनाने फिरल्या. सहाशेहून अधिक बायका-मुलांची कामं त्यांनी पाहिली. वारसाहक्क, पोटगी, दत्तकविधान, मुलांचं शिक्षण, विषप्रयोगाची भीती, सासरच्यांची भांडणं, सगळं त्यात आलं. पुष्कळदा कोर्टात न जाता दोन्ही बाजूंना बसवून त्यांनी तडजोड घडवली. १९०९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. पदक दिलं, पण वकिलीची सनद नाहीच. सरकारची सल्लागार बाई त्याच सरकारच्या कोर्टात वकील म्हणून उभी राहू शकत नव्हती.

दारं उघडली

तोपर्यंत दुसऱ्या मुलीही दार ठोठावू लागल्या होत्या. १९१६ साली रेजिना गुहा यांनी कलकत्त्याला अर्ज केला, तो हायकोर्टाने फेटाळला. १९२१ मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांचाही अर्ज नामंजूर झाला. कायद्यात व्यक्ती असा शब्द होता, पण त्या व्यक्तीत बाई धरायची की नाही यावर मोठमोठे न्यायमूर्ती खल करत बसले आणि धरायची नाही असं ठरवत राहिले. पुण्यात ज्या शब्दाने दार किलकिलं केलं होतं, जवळपास तोच शब्द कलकत्त्यात आणि पाटण्यात आडवा आला.

१९१९ मध्ये इंग्लंडने कायदा करून बायकांना वकिलीची दारं उघडली. ऑगस्ट १९२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने अखेर कॉर्नेलियाबाईंचं नाव रजिस्टरमध्ये घातलं. परीक्षा पास झाल्याला बावीस वर्षं होऊन गेली होती. एक हायकोर्ट घेतं, दुसरं नाकारतं, हा घोळ मिटवण्यासाठी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रयत्न झाले. त्यात नागपूरला वकिली करणारे डॉ. हरिसिंग गौर पुढे होते. १९२३ मध्ये कायदा झाला की केवळ स्त्री आहे म्हणून कोणाला सनद नाकारता येणार नाही.

त्याच वर्षी कॉर्नेलियाबाई लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या. वय छप्पन. त्यांच्या काही महिने आधी तिथूनच मिठन टाटा ही पंचविशीतली मुलगी बॅरिस्टर झाली. पुढे मिठन लाम या नावाने मुंबई हायकोर्टात तिने वकिली केली. एकीला जे मिळवायला आयुष्य लागलं ते दुसरीला वेळेवर मिळालं. रस्ता करणारा आणि रस्त्यावरून जाणारा यांच्यात हा फरक असायचाच.

१९२४ पासून बाईंनी कलकत्ता हायकोर्टात काम सुरू केलं. पण सनद मिळाली म्हणजे अशील मिळतातच असं नाही. कोर्टात उभं राहण्याची कामं फारशी आली नाहीत, कागदावर मतं लिहून देण्याचीच जास्त आली. १९२९ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि लंडनला स्थायिक झाल्या.

दुसरी बाजू

चरित्र लिहिताना नुसती आरती ओवाळू नये. कॉर्नेलियाबाई ब्रिटिश राज्याच्या कट्टर पाठीराख्या होत्या. गांधीजी आणि स्वातंत्र्याची चळवळ त्यांना पटली नाही. आधी शिक्षण आणि समाजसुधारणा, मग राजकारण, असं त्यांचं मत होतं. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईचं मदर इंडिया हे पुस्तक निघालं, त्यावर हिंदुस्थानभर संताप उसळला. कॉर्नेलियाबाईंनी मात्र त्याची बाजू घेतली. त्यामुळे बरोबर काम करणाऱ्या अनेक बायका दुरावल्या, सामाजिक कामाला मिळणारा आधार आटला. आपल्याकडे त्यांचं नाव मागे पडलं त्याचं हे एक मोठं कारण असावं. आनंदीबाई, रमाबाई, रखमाबाई आपल्याला शाळेपासून माहीत असतात, कॉर्नेलिया सोराबजी नाही. मत पटलं नाही तरी काम नाकारू नये असं आम्हाला वाटतं.

इंडिया कॉलिंग हे त्यांचं आत्मचरित्र १९३४ साली प्रसिद्ध झालं. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. २०१२ मध्ये लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला.

आणि आपल्या अंगणात

हे सगळं तिकडे चाललं असताना इकडे काय होतं? आपल्या सांता क्लारा काउंटीतच, सॅन होजेला, क्लारा फोल्ट्झ या पाच मुलांच्या आईने सप्टेंबर १८७८ मध्ये वकिलीची सनद घेतली. ती कॅलिफोर्नियाची पहिली स्त्री वकील. त्याआधी राज्याच्या कायद्यात वकील होण्यासाठी गोरा पुरुष नागरिक अशी अट लिहिलेली होती, ती तिने खटपट करून बदलून घेतली. पण रंगाची आणि नागरिकत्वाची भिंत राहिलीच. हाँग येन चँग हा चिनी तरुण कोलंबियाची कायद्याची पदवी आणि न्यूयॉर्कची सनद घेऊन कॅलिफोर्नियात आला. १८९० मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने त्याला नकार दिला. त्याच कोर्टाने २०१५ मध्ये त्याला मरणोत्तर सनद दिली, सव्वाशे वर्षांनी!

वकिलीसाठी अमेरिकन नागरिक असण्याची अट कॅलिफोर्नियात १९७२ मध्ये आणि मग १९७३ मध्ये देशभर रद्द झाली. म्हणजे आज आपल्या एलएल.बी. भगिनींच्या वाटेत तशी भिंत नाही, आहेत त्या पायऱ्या. भारतात सनद घेतलेल्या वकिलाला कॅलिफोर्नियाच्या बार परीक्षेला बसण्यासाठी लॉ स्कूल पुन्हा करावं लागत नाही. नुसती पदवी असेल तर साधारणपणे एक वर्षाचं एलएल.एम. करावं लागतं. त्याशिवाय नीतिनियमांची वेगळी परीक्षा आणि चारित्र्याची पडताळणी असते. दुसऱ्या राज्यात नियम दुसरे. ते बदलतही असतात, म्हणून अर्ज करण्याआधी स्टेट बारकडून खात्री करून घ्यावी. तेव्हा भारतातून निघताना राज्याच्या बार कौन्सिलचा कागद बरोबर आणायला विसरू नका. घरातल्या लॉ करणाऱ्या भाचीला, पुतणीलाही हे सांगा, कारण पदवी झाल्यावर तिथेच सनद घेऊन ठेवली तर पुढे एक वर्ष आणि बराच पैसा वाचू शकतो.

कॉर्नेलियाबाईंच्या वेळी परीक्षा पास झाल्यावर दार बंद होत असे. आज परीक्षा अवघड आहे, अभ्यास मोठा आहे, मुलांच्या शाळा आणि घरकाम सांभाळून तो करायचा आहे. पण पास झालं की दार उघडतं. फाइलमधली ती पदवी एकदा बाहेर काढून बघा. आपल्यापैकी कोणी ही वाट चालून गेलं असेल तर मंडळाला जरूर कळवा, म्हणजे मागून येणाऱ्यांना विचारायला एक हक्काचं घर मिळेल.